एनव्हिडिया ड्रायव्हरची आवृत्ती बदलताना पॅकेजं अडतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या विभागाच्या लॅबमधली ग्राफिक्स कार्ड असलेली यंत्रं मी सांभाळते. प्रोजेक्ट जमा करायचा आठवडा आला की फोन सुरू होतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "मॅडम, ड्रायव्हर बदलायला गेलो, आणि आता ॲप्ट काहीच करू देत नाही." दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवावं, म्हणून हे पान. उदाहरणं उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वरची आहेत, कार्ड एनव्हिडियाचं. ॲप्ट म्हणजे उबुंटूत पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणारं-काढणारं साधन. आज्ञा फोनवर सांगते तशाच उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. 'मायनस' म्हणजे आडवी रेघ. टर्मिनलमध्ये मात्र सगळं रोमन अक्षरांतच टाकायचं.

ड्रायव्हर तर एकच. मग इतकी पॅकेजं एकमेकांशी का भांडतात?

'एनव्हिडिया-ड्रायव्हर-५३५' ही नुसती दारावरची पाटी आहे. आत अख्खं कुटुंब राहतं : कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, चढणारं मॉड्यूल, ते तुमच्या यंत्रावर बांधून देणारं डीकेएमएस पॅकेज, चित्र काढणाऱ्या ओपनजीएल आणि व्हल्कनच्या लायब्ऱ्या, कार्डावर गणितं चालवणाऱ्या कुडाची लायब्ररी, व्हिडिओ एनकोड-डीकोडचे भाग, कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआयसारखी साधनं, फर्मवेअर. या सगळ्यांची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते. मॉड्यूल ५३५.१८३.०१ चं आणि लायब्ररी तिच्या पुढच्या अपडेटची, एवढा फरकही चालत नाही. मॉड्यूल लायब्ररीला तिची आवृत्ती विचारतं आणि जुळली नाही तर बोलणंच थांबवतं.

शिवाय ५३५ आणि ५५० या दोघांनाही त्याच नावाच्या फाइली त्याच जागी ठेवायच्या असतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून पॅकेज बांधणाऱ्यांनी "हे असेल तर ते नको" अशी अट आधीच लिहून ठेवली आहे. ॲप्ट अडतं ते ही अट पाळण्यासाठी. ते अडलं म्हणून तर तुमचा डेस्कटॉप अजून चालू आहे, हे मी मुलांना पहिल्यांदा सांगते.

५३५ वरून ५५० वर जायचंय. आधी जुनं सगळं पुसायलाच हवं का?

नाही. जुनी आणि नवी दोन्ही उबुंटूच्याच भांडारातली (ॲप्ट जिथून पॅकेजं आणतं त्या जागेतली) असतील तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५५०' एवढंच पुरतं. जुनं कुटुंब बाहेर काढून नवं आत आणण्याचं काम ॲप्ट स्वतः करतं. "आधी सगळं पर्ज करा" (म्हणजे सेटिंगसकट पुसा) हा सल्ला इतका पसरलाय, की सरळ झालं असतं ते कामही लोक अवघड करून घेतात.

फक्त एक सवय लावून घ्या. आज्ञेत 'मायनस एस' घालून आधी रंगीत तालीम करा. त्यात यंत्राला हात लागत नाही, काय काढणार आणि काय घालणार याची यादी तेवढी दिसते. काढायच्या यादीत फक्त ५३५ ची मंडळी असतील तर पुढे जा. तिथे 'उबुंटू-डेस्कटॉप' किंवा 'जीडीएम३' (लॉगिनचा पडदा) दिसलं तर थांबा.

"अनमेट डिपेंडन्सीज" असा लांबलचक मजकूर येतो. त्यातून काय वाचायचं?

मजकूर आला की बहुतेकजण घाबरून पहिली ओळ शोधयंत्रात टाकतात. पण पहिल्या ओळीत काहीच नसतं. नावांची यादी सुरू होते तिथे या. 'अमुक डिपेंड्स ऑन तमुक, बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड' अशी ओळ असेल, तर त्या तमुकचं नाव घ्या आणि एकट्या त्याच्यावर 'ॲप्ट इन्स्टॉल'ची तालीम करा. आता तक्रार एक पायरी खाली सरकेल. असं दोन-तीन पायऱ्या उतरलात की खरी गाठ सापडते. माझ्या अनुभवात ती जवळजवळ नेहमी तीनपैकी एक असते : कुणी तरी होल्ड करून (आवृत्ती बदलू नये म्हणून अडकवून) ठेवलेलं पॅकेज, ३२-बिटचा मागे राहिलेला भाग, किंवा दोन भांडारांतली वेगवेगळी आवृत्ती.

तिसरा प्रकार ओळखायला 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव टाका. कोणत्या भांडारात कोणती आवृत्ती आहे आणि कुणाला किती प्राधान्य आहे, ते तिथे उघड दिसतं.

यातलाच एक प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात खूप लोक अडकतात. उबुंटू काही कर्नलांसाठी तयार, सही केलेली मॉड्यूलं देतं. पॅकेजचं नाव 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५३५' असं सुरू होतं. ते मॉड्यूल उबुंटूच्या भांडारातल्या नेमक्या एका आवृत्तीसाठी बांधलेलं असतं आणि त्या आवृत्तीपेक्षा नवं 'एनव्हिडिया-कर्नल-कॉमन-५३५' चालणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. मग तुम्ही एनव्हिडियाचं कुडा भांडार जोडता. तिथे तेच 'कॉमन' पॅकेज चार पावलं पुढे असतं, ॲप्ट ते ओढायला बघतं आणि तयार मॉड्यूल म्हणतं, "मला हे चालणार नाही." चूक दोघांचीही नाही. ड्रायव्हर कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवलं, की भांडण मिटतं. उबुंटूकडूनच घेणार असाल तर कुडा भांडारातले ड्रायव्हर रोखा. एनव्हिडियाकडून घेणार असाल तर तयार मॉड्यूलांची पॅकेजं काढून डीकेएमएसवर जा.

कुडासाठी ते भांडार तर लागतंच ना?

भांडार लागू शकतं, त्यातला ड्रायव्हर नाही. त्या भांडारातून 'कुडा' नावाचं पॅकेज मागितलंत तर त्याच्याबरोबर ड्रायव्हरही येतो. 'कुडा-टूलकिट' मागितलंत तर फक्त कंपायलर आणि लायब्ऱ्या येतात. आमच्या लॅबमध्ये झालेल्या बिघाडांपैकी निम्मे तरी या एका शब्दाच्या फरकामुळे झाले असतील.

त्या भांडाराबरोबर प्राधान्याची एक फाइलही येते. ती त्याला ६०० गुण देते. उबुंटूच्या भांडाराला साधारण ५०० असतात. म्हणून तुम्ही काही न करताही पुढच्या अपडेटला ड्रायव्हर तिकडून येऊ लागतो. हे नको असेल तर '/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी' मध्ये स्वतःची एक छोटी फाइल करा आणि त्या भांडारातल्या ड्रायव्हर-पॅकेजांना उणे १ प्राधान्य द्या. टूलकिट मिळत राहील, ड्रायव्हर येणार नाही.

आणि तुम्ही फक्त पायटॉर्च (मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी) चालवणार असाल, तर टूलकिटही बहुधा लागत नाही. पायथनच्या पिपने येणाऱ्या पायटॉर्चच्या पॅकेजांत ('व्हील') कुडाच्या रनटाइम लायब्ऱ्या सोबतच असतात. यंत्रावर पुरेसा नवा ड्रायव्हर हवा, एवढंच. कुडा १२ साठी तो किमान ५२५.६०.१३ असावा लागतो. एनव्हिडिया-एसएमआयच्या कोपऱ्यात दिसणारा 'कुडा व्हर्जन' हा आकडा ड्रायव्हरला जास्तीत जास्त कोणता कुडा झेपतो ते सांगतो. यंत्रावर काय बसवलंय ते नाही. तो आकडा पाहून ड्रायव्हर बदलायला धावू नका.

"ट्राइंग टू ओव्हरराइट" अशी चूक येते. फोर्स-ओव्हरराइट वापरू का?

डीपीकेजी (ॲप्टच्या खालचं, प्रत्यक्ष फाइली बसवणारं साधन) तुम्हाला सांगतंय, की ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजच्या नावावर आहे. त्या दुसऱ्या पॅकेजचं नाव ओळीच्या शेवटी असतं. ते नाव हेच तुमचं उत्तर. ते जुन्या आवृत्तीचं उरलेलं पॅकेज असेल तर त्यालाच 'सुडो डीपीकेजी मायनस मायनस पर्ज' ने काढा. मग 'सुडो ॲप्ट मायनस मायनस फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

फोर्स वापरून, म्हणजे त्या फाइलीवर जबरदस्तीने नवी लिहून, पुढे गेलात तर त्या क्षणी काम झाल्यासारखं वाटतं, पण फोल्डरात दोन आवृत्त्यांची भेळ होते आणि महिन्याभराने काहीतरी बंद पडतं तेव्हा कोणती फाइल कुणाची हे शोधणं फार जड जातं. दुसरा काहीच मार्ग नसेल आणि ते जुनं पॅकेज लगेच काढायचंच असेल, तेवढ्यापुरतंच मी ते वापरते.

संकेतस्थळावरून 'डॉट रन' फाइल उतरवून बसवली होती. आता ॲप्टने काही जुळत नाही.

साहजिक आहे. ती फाइल ॲप्टला न विचारता शेकडो फाइली यंत्रभर ठेवते. ॲप्टच्या वहीत त्यांची नोंदच नसते, त्यामुळे पर्ज करूनही त्या जात नाहीत. आधी 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवा. ती आज्ञा नसेल तर त्याच आवृत्तीची डॉट रन फाइल पुन्हा आणून 'मायनस मायनस अनइन्स्टॉल' ने चालवा. त्यानंतरच ॲप्टकडे वळा. नवा ड्रायव्हर वरून टाकून जुना झाकायचा प्रयत्न करू नका.

खरंच सगळं पुसून पुन्हा बसवायची वेळ आली. कोणत्या क्रमाने करू?

आधी डाउनलोड, मग पुसणं. हा क्रम उलटा केला आणि वायफाय गेलं तर ग्राफिक्सही नाही आणि इंटरनेटही नाही, अशा अवस्थेत बसावं लागतं. गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मुलांचं हे झालेलं मी पाहिलंय. ड्रायव्हर काही शे एमबींचा असतो. 'मायनस मायनस डाउनलोड-ओन्ली' घालून नवी पॅकेजं आधी यंत्रावर आणून ठेवा. भांडण इतकं पेटलंय की ॲप्ट तेही करत नाही, तर केबलने नेट जोडा.

आत्ताची अवस्था लिहून ठेवा. 'डीपीकेजी मायनस एल' चालवून त्यातल्या एनव्हिडिया शब्द असलेल्या ओळी एका फाइलीत साठवा. ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' म्हणजे पॅकेज नीट बसलेलं, 'आरसी' म्हणजे पॅकेज गेलं पण त्याच्या सेटिंग फाइली उरल्या. 'आरसी' दिसलं की लोकांना वाटतं भांडण तिथेच आहे. सहसा नसतं.

डेस्कटॉपमधून बाहेर पडून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळ्या पडद्यावर लॉगिन करा. मग 'एनव्हिडिया-' आणि 'लिबएनव्हिडिया-' ने सुरू होणाऱ्या पॅकेजांना पर्ज करा, पण इथेही तालीम आधी. डॉकरसाठी लागणारं 'एनव्हिडिया-कंटेनर-टूलकिट' याच नावाने सुरू होतं आणि तेही जाळ्यात सापडतं. मी यादी वाचून नावं एकेक देते. वेळ लागतो, पण पश्चात्ताप होत नाही. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया' वालीही विसरू नका. त्यांची नावं 'लिनक्स'ने सुरू होत असल्यामुळे ती वरच्या गळाला लागत नाहीत आणि नंतर तीच आडवी येतात.

आता '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी' उघडून पाहा. ड्रायव्हर देणारं भांडार एकच ठेवायचं. ग्राफिक्स-ड्रायव्हर्सचं पीपीए (उबुंटूच्या मुख्य भांडाराबाहेरचं जादा भांडार) जोडलेलं असेल आणि नको असेल तर 'पीपीए-पर्ज' वापरा. ते भांडार काढतं आणि त्यातून आलेली पॅकेजं उबुंटूच्या आवृत्तीवर परतही आणतं. '/ईटीसी/एक्स११' मध्ये जुनी 'एक्सऑर्ग.कॉन्फ' (पडद्याच्या सेटिंगची फाइल) पडली असेल तर तिचं नाव बदला. '/ईटीसी/मोडप्रोब.डी' मध्ये स्वतः काही लिहिलं असेल तर तेही बघा.

मग 'सुडो ॲप्ट अपडेट', 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' ने कार्डाला काय चालतं ते पाहणं, आणि हवं ते पॅकेज बसवणं. रीबूट करण्याआधी 'डीकेएमएस स्टेटस' पाहा. तुमच्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' असलं पाहिजे. तयार मॉड्यूलवर असाल तर तिथे काही दिसणार नाही, ते ठीक आहे. अशा वेळी 'मॉडइन्फो एनव्हिडिया' ने आवृत्ती तपासा.

स्टीम बसवलं आणि तेव्हापासून ड्रायव्हर बदलता येत नाही.

स्टीम या खेळांच्या ॲपला ३२-बिटच्या लायब्ऱ्या लागतात, म्हणून 'लिबएनव्हिडिया-जीएल' दोनदा येतं : एक ६४-बिटचं, एक 'आय३८६' चं. डेबियन घराण्याचा नियम असा, की या जोडीची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. बाहेरच्या भांडारात ६४-बिटचं नवं असलं आणि ३२-बिटचं नसलं, तर जोडी तुटते आणि सगळंच अडतं. दोन्ही एकाच आज्ञेत, दुसऱ्याच्या नावामागे ':आय३८६' लावून, एकत्र मागा. तरी जमलं नाही तर ३२-बिटचा भाग तात्पुरता काढा, ड्रायव्हर बदला, मग परत आणा. स्टीममधले खेळ आणि सेव्ह तुमच्या होम फोल्डरात असतात, त्यांना धक्का लागत नाही.

बसवणं चालू असतानाच लाइट गेली.

लॅपटॉप असेल तर सुटलात. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे होतंच. यंत्र चालू झाल्यावर आधी 'सुडो डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए'. मग फिक्स-ब्रोकन. अर्धवट उतरलेल्या फाइलीची तक्रार आली तर 'सुडो ॲप्ट क्लीन' करून पुन्हा आणा. शेवटी 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस मायनस यू मायनस के ऑल', कारण यंत्र सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइलच नेमकी अर्धी लिहिली गेली असण्याची शक्यता असते.

लॉक फाइल पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कुलूप त्या फाइलीत नसतं, चालू असलेल्या प्रक्रियेच्या हातात असतं. रीबूटनंतर ते आपोआप सुटलेलं असतं. तरी लॉकची तक्रार येत असेल तर मागे आपोआप अपडेट चालू आहे, पाच-दहा मिनिटं थांबा.

एनव्हिडिया-एसएमआय म्हणतं "ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच". मी तर काहीच केलं नव्हतं!

तुम्ही नाही, आपोआप चालणाऱ्या अपडेटने केलं. डिस्कवर लायब्ररी नवी आली, पण कर्नलमध्ये सकाळी चढलेलं जुनंच मॉड्यूल बसून आहे. '/प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन' पाहिलंत तर ते स्वतःचा आकडा सांगेल. रीबूट केलं की संपलं. हे पॅकेजचं भांडण नाही, त्यामुळे पुसापुशी करू नका. रीबूट करता येत नाही असा सर्व्हर असेल, तर कार्ड वापरणाऱ्या सगळ्या प्रक्रिया थांबवून 'एनव्हिडिया-डीआरएम', 'मोडसेट', 'यूव्हीएम' आणि शेवटी 'एनव्हिडिया' अशी मॉड्यूलं उतरवून पुन्हा चढवता येतात.

रात्रभर ट्रेनिंग चालणाऱ्या यंत्रांवर मी '५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' या फाइलीत एनव्हिडियाची नावं वगळलेल्यांच्या यादीत घातली आहेत. अपडेट महिन्यातून एकदा, दिवसा, स्वतः करते.

त्यापेक्षा सरळ होल्ड केलं तर?

चालेल, पण 'ॲप्ट-मार्क होल्ड' फक्त पाटीवर लावून उपयोग नाही, घरातली बाकी मंडळी हलतातच. लावायचं तर सगळ्या कुटुंबाला लावा. आणि सहा महिन्यांनी "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" दिसलं तर 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' आठवा. होल्ड लावणारा आणि नंतर त्याला अडखळणारा बहुधा एकच माणूस असतो, म्हणून मी लॅबच्या वहीत तारीख आणि कारण लिहून ठेवते.

डीकेएमएसचं बांधकाम मध्येच फसतं.

'/व्हार/लिब/डीकेएमएस' मध्ये त्या आवृत्तीच्या फोल्डरात 'मेक.लॉग' असतो. त्यातली पहिली 'एरर' ओळ महत्त्वाची. कारणं थोडकीच : चालू कर्नलचे हेडर नाहीत, कर्नल ज्या जीसीसी कंपायलरने बांधला तो यंत्रावर नाही, किंवा कर्नल इतका नवा की जुना ड्रायव्हर त्याच्यावर बांधलाच जात नाही. तिसऱ्या कारणाला जुन्या कर्नलवर राहणं किंवा नवा ड्रायव्हर घेणं हा उपाय. '/बूट' वेगळं विभाजन असेल आणि भरलं असेल तरी शेवटच्या टप्प्यावर असंच फसतं. 'डीएफ मायनस एच' एकदा बघून घ्या.

सगळं बसलं, तरी मॉड्यूल चढत नाही. "की वॉज रिजेक्टेड".

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चढू न देणारी सोय) चालू आहे. डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच यंत्राची किल्ली वापरून सही होते, पण ती किल्ली फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. बसवताना एक पासवर्ड विचारला होता आणि रीबूटला निळा पडदा आला होता, तो यासाठीच. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं असेल तर 'मोकयुटिल मायनस मायनस इम्पोर्ट' ने किल्ली पुन्हा पुढे करा. उबुंटूची तयार मॉड्यूलं वापरलीत तर ही पायरी लागतच नाही, म्हणून लॅपटॉपसाठी मी तीच सुचवते.

माझ्या कार्डाला कोणती शाखा?

शाखा म्हणजे ड्रायव्हरचा ५३५, ५५० असा मुख्य आकडा. केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० ही शेवटची शाखा, तिची देखभाल २०२४ मध्ये थांबली. त्याआधीच्या फर्मीला ३९०, तिची २०२२ मध्ये. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टासाठी ५८० शेवटची. म्हणजे जीटीएक्स १०५० किंवा १०६० असेल, तर "सर्वांत नवं" मागू नका, मॉड्यूल कार्डाला ओळखणारच नाही.

नावामागे 'ओपन' असलेली पॅकेजं म्हणजे एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये खुली केलेली कर्नल मॉड्यूलं. ती ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांवर चालतात. आरटीएक्स ५० मालिकेला तीच लागतात, पास्कलवर चालत नाहीत. साधं आणि 'ओपन' हेही एकमेकांच्या जागी येतात, एकत्र राहत नाहीत. 'सर्व्हर' शब्द असलेलं तिसरं भावंडही तसंच.

रीबूटनंतर पडदा काळा.

ग्रबच्या (यंत्र सुरू होताना येणाऱ्या) यादीतून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. त्यावर चाललं तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही, एवढंच झालंय. नाही चाललं तर कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' जोडून आत या. कोणत्या दिवशी नेमकं काय बदललं ते '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' मध्ये तारीख-वेळेसह असतं. मला फोन करण्याआधी त्याचा शेवटचा भाग वाचलात, तर निम्म्या वेळा फोन करायची गरजच उरत नाही.

फेडोरा, आर्च किंवा एएमडीचं कार्ड असेल तर?

फेडोरावर आरपीएम फ्यूजनचं 'एकेमॉड-एनव्हिडिया' वापरा आणि बसवल्यावर लगेच रीबूट करू नका, मॉड्यूल मागे बांधलं जात असतं. 'मॉडइन्फो' ने आवृत्ती दिसली की करा. आर्चवर अर्धवट अपडेट करायचं नाही, कर्नल आणि ड्रायव्हर बरोबरच हलले पाहिजेत. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि वरचा भाग मेसाचा (ग्राफिक्सच्या खुल्या लायब्ऱ्यांचा), त्यामुळे तिथे असे तंटे क्वचित होतात. झालेच तर एएमडीचं स्वतंत्र इन्स्टॉलर वापरलेलं असतं किंवा मेसाचं पीपीए जोडलेलं असतं. पहिल्यासाठी 'एएमडीजीपीयू-अनइन्स्टॉल', दुसऱ्यासाठी 'पीपीए-पर्ज'.